काशिनाथच्या पाच कोंबड्या

१६ डिसेंबर, सोमवार

नमूद करण्यास अत्यंत खेद होतो की, आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या डाव्या बुटाची नाडी एका कोंबडीने ओढून नेली आणि ते गांडूळ नाही हे कळल्यावरही परत केली नाही. मागणी केली असता ती खुराड्याखाली गेली. तस्मात् मला सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या बैठकीला डाव्या बुटाला सुतळी बांधून जावे लागले. बैठकीत सुरतेतले अर्धे धागेवाले हजर होते. माझ्या पायातला माल कोणत्या प्रतीचा आहे हे त्यांच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही.

ही वही आजपासून त्यासाठीच काढली आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी छापून आणल्या, आता स्वतःच्या लिहायला हरकत नाही.

कोंबड्या माझ्या नाहीत. शेजारच्या काशिनाथच्या. बमरोलीतल्या लूमखात्यात मास्तर होता, बावीस वर्षं आमची भिंतीला भिंत. गेल्या महिन्यात सकाळी चहा पिता पिता गेला. उषाबाई त्याला घेऊन पारोळ्याकडे गावी गेल्या, त्या संक्रांत झाल्यावर येणार. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, पाच देई जास. पाचच परत घिसू."

मी म्हटलं, गल्लीत कोंबड्या कळणारी इतकी माणसं आहेत, मीच का? त्या म्हणाल्या, "त्या समदा खातस. तुमी खातस नही."

शाकाहाराचा असा फायदा मला कोणी शिकवला नव्हता.

१८ डिसेंबर, बुधवार

तेरा अंश. सुरतेतल्या लोकांनी मफलर, कानटोप्या आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी सुरू केली आहे. नाशिकच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं, पण कोंबड्या सुरतेच्या बाजूने आहेत. पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात. खुराड्यात साठचा बल्ब लावला. काशिनाथ लावायचा तसाच, तारेला बाहेरून गाठ मारून.

वेळापत्रक असं बसलं आहे. साडेसहाला खुराडं उघडणे. कोमट पाणी. ज्वारीची कणी आणि कोंडा. शेण गोळा करण्याला कोंबड्यांच्या बाबतीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण ते करणे. सात-वीसला अंघोळ, आठ-दहाला स्कूटर. खरी पंचाईत संध्याकाळी. सूर्य सहाला मावळतो, कोंबड्या त्याच्याबरोबर आत जातात, आणि आमच्या वर्तमानपत्राच्या जळगाव डेस्कला बातमीही सहालाच हवी असते. आज घरामागच्या बोळात, खुराड्यासमोर, बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि मोबाईलवर बातमी लिहिली. मधेच उठून मोजलं. पाच. कडी. मग शेवटचा परिच्छेद.

पाचही जणींना नावं ठेवली आहेत. कपिला, कृष्णा, धूसरा, चंडिका आणि नाडी पळवणारी ती तस्करी. माझी बायको अलका म्हणाली, "कोंबड्यांना संस्कृत कशाला? त्या अंडी तशीच देणार."

२१ डिसेंबर, शनिवार

एक गंमत. साडेसहाला गेलो तर कणी आधीच टाकलेली. पाण्याच्या थाळीतलं पाणी हाताला कोमट. पाचही पोट भरून उन्हाची वाट बघत उभ्या. मला पाहून एकीनेही मान वर केली नाही.

अलकाने उपकार केले असं समजून आभार मानायला गेलो. ती गॅससमोर उभी होती.

"मी? मला तर त्यांच्या जवळसुद्धा जाववत नाही."

"मग कोण?"

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि पोळी उलटली. "असेल कोणी," म्हणाली.

बाहेर सखुबाई दात घासत होत्या. समोरच्या ओळीत राहतात, वय सत्तरच्या पुढे, गल्लीतल्या सगळ्या घटनांच्या प्रथम साक्षीदार. मी विचारलं. त्यांनी चूळ भरली, पदर सावरला.

"काशिनाथ व्हई. दुसरं कोन?"

"सखुबाई, तो गेला."

"गया म्हनीसन काय व्हयनं? त्याना जीव अटकेल से त्या कोंबड्यासमा. बावीस वरीस उठे तवय पहिलं त्यासले दाना टाके, मंग चहा."

मी त्यांना म्हटलं, भूत इतकं कामसू असेल तर अंगण झाडायलाही सांगा. त्या हसल्या नाहीत.

२४ डिसेंबर, मंगळवार

चार दिवसांत तीनदा. दाणा, पाणी, सगळं आधीच. आज अंडीही उचललेली. पेटीतल्या गवतावर चार खळगे, गरम.

अंडी दुपारी सापडली. माझ्या टेबलाच्या खणात, ओळखपत्राच्या शेजारी, जुन्या वर्तमानपत्रात एकेक नीट गुंडाळलेली. काशिनाथ असाच गुंडाळून द्यायचा, आमच्या मुलीसाठी, सायली शाळेत होती तेव्हा.

अलकाला बोलावून दाखवलं. म्हटलं, भुताला आपल्या घराची किल्लीही मिळालेली दिसते, आता दार वाजवायचीही गरज नाही. ती खणाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, घाबरली. म्हणून मी आणखी दोन विनोद केले. तिने अंडी उचलली आणि सखुबाईंकडे देऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "तुमची झोप नीट होते ना?"

होते. उत्तम होते.

२९ डिसेंबर, रविवार

धूसरा गेली.

साडेसहाला खुराड्याचं दार सताड उघडं. बोळाच्या टोकाला गटाराच्या जाळीपाशी राखाडी पिसं. मुंगूस, सखुबाई म्हणाल्या. बाकी चौघी भिंतीवर चढून बसल्या होत्या, एक आवाज नाही. उतरवायला अर्धा तास लागला.

कडी मी लावली होती. माझ्या हाताला आठवतंय, गार लोखंड. ती कुणी उघडली याचा जाब मी कुणाला विचारू? भूत मान्य केलं तर सोपं आहे. पण काशिनाथ बावीस वर्षांत एकदाही कडी विसरला नाही. मेल्यावर तो निष्काळजी झाला हे मला पटत नाही.

उषाबाईंना काय सांगू? पाचच परत घिसू, म्हणाल्या होत्या. आज फोन करण्याचा धीर झाला नाही. उद्या करतो.

पिसं गोळा करून कुंडीत पुरली. अलका बाजूला उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एका कोंबडीसाठी एवढं सांत्वन जास्तच होतं.

२ जानेवारी, गुरुवार

मंदारचा फोन. मंदार म्हणजे आमच्या डेस्कचा मुख्य. वय छत्तीस, पण मला नावाने हाक मारत नाही, "गुरुजी" म्हणतो. मीच कधीतरी त्याच्या व्याकरणातल्या चुका काढल्या होत्या, त्याची परतफेड.

"गुरुजी, तुमची मिलच्या पाण्याची बातमी लागली मंगळवारी. छान होती."

"बरं."

"आज परत आलीय."

"कोण?"

"तीच बातमी. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, मधली चौघांची विधानं तीच. मला वाटलं, पुढचा भाग आहे. मग वाचलं."

मी म्हटलं, जुना मसुदा चुकून गेला असेल. तो म्हणाला, "असेल, असेल. दुसरी सुरुवात जास्त चांगली आहे, खरं सांगायचं तर." हसलो दोघंही. फोन ठेवताना त्याने विचारलं, "बाकी बरं ना?" हा प्रश्न आजकाल सगळ्यांच्या तोंडी आहे. थंडी वाढली की माणसं आत्मीय होतात.

अलकाने तिच्या बँकेशेजारच्या डॉक्टरकडे माझं नाव नोंदवलं आहे. रक्तदाबासाठी, म्हणते. मला रक्तदाब नाही.

६ जानेवारी, सोमवार

पोंक आला बाजारात. कोवळ्या ज्वारीचा वास घरभर. सोलताना सांडलेले दाणे कोंबड्यांना नेले. कपिला आणि चंडिका यांच्यात त्यावरून जे झालं त्याला शास्त्रार्थ म्हणता येईल. संध्याकाळी वेळेत परतलो. पाचही जणी आत, कडी लावली, दोनदा ओढून बघितली. मगच बातमी पाठवली. एक तरी दिवस असा सरळ गेला.

७ जानेवारी, मंगळवार

कालच्या पानावर "पाचही" लिहिलं आहे. चार. सवयीने लिहिलं गेलं.

सखुबाईंनी आज विचारलं, "भाऊ, ती राखुंडी मरी गयी ना? मंग तिले हाका का मारी राह्यनात सकायमा?" मी म्हटलं, मी हाक मारली नाही. त्या म्हणाल्या, मग त्याने मारली असेल, तुमच्या आवाजात. आणि लगबगीने आत गेल्या.

९ जानेवारी, गुरुवार

हजिऱ्याला नऊची पत्रकार परिषद. पोचायला तासभर, म्हणजे आठला निघणं भाग. त्याने आज पुन्हा दाणा टाकून ठेवला होता, म्हणून वेळेत निघालो. एका परीने सोय झाली आहे हे मान्य करायला हवं.

आल्यावर सखुबाई दारात. म्हणाल्या, काशिनाथचं पीठ आठे कोनी मांडंच नही. गावाकडे दहाव्याला जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलं ते बघायचं. पक्ष्याचं, गाईचं, माणसाचं. गेलेला कुठे गेला ते कळतं. गावी मांडलं असेलच, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तो गावी नाहीच, तर तिथे कसं उमटेल? खुराड्यापुढे मांडू.

मी नकार दिला. वर्तमानपत्राच्या माणसाने पिठावरचं पाऊल बघत बसणं शोभत नाही. शिवाय कोंबड्या ते पीठ खाऊन टाकतील आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी पक्ष्याचाच निघेल.

९ जानेवारी, गुरुवार

आज लिहायचं राहून गेलं होतं. हजिऱ्याची पत्रकार परिषद, जाऊन-येऊन दोन तास, आणि शेवटी काही बातमी नाही. चहा चांगला.

संध्याकाळी सखुबाईंनी एक नवीनच कल्पना काढली. काशिनाथसाठी पीठ मांडायचं, खुराड्यापुढे. आजवर हे कधी बोलल्या नव्हत्या. गावाकडची रीत आहे म्हणे. पहिल्यांदा हसलो. मग विचार केला, आमच्या धंद्यातही एका माणसाच्या सांगण्यावरून बातमी करत नाहीत, दुसरा पुरावा लागतो. पीठ कोणाच्या बाजूने खोटं बोलणार नाही. मांडा म्हटलं, शनिवारी रात्री, रविवारी मला सुट्टी आहे.

त्या जरा चमकल्या. "हाऊ म्हना भाऊ, मांडू. मघाशी तं नको म्हने."

१२ जानेवारी, रविवार

काल दिवेलागणीला सखुबाईंनी बाजरीचं पीठ चाळून खुराड्यापुढे पसरलं. आत दिवा, वर टोपली. टोपलीभोवतीही हातभर पीठ. कोंबड्या आधीच आत होत्या, चार, कडी मी लावली आणि सखुबाईंनी ओढून पाहिली.

आज साडेसहाला गेलो तर त्या आधीच तिथे उभ्या होत्या. टोपली बाजूला सरकवलेली. दिवा विझलेला. कोंबड्या दाणे टिपत होत्या.

पिठात पाऊल होतं. उजव्या पायाचं, चपलेचं. अंगठ्याखाली झिजून भोक पडलेलं, तिथे पीठ तसंच राहिलेलं, गोल, बोराएवढं. ही चप्पल मी ओळखतो. अलका तीन वर्षं टाका म्हणते आहे.

मी म्हटलं, "आत्ता मीच आलो ना. माझंच उमटलं."

सखुबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मीही बघितलं. मी अनवाणी होतो. चपला खुराड्याच्या पलीकडे, नळापाशी काढलेल्या, पिठाने पांढऱ्या.

"हाई तं तुमनंच पाऊल से, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग त्या म्हाताऱ्या बाईने एक गोष्ट केली. खाली बसल्या, पदराने ते पाऊल पुसून टाकलं, आणि म्हणाल्या, "मी काही देखं नही. कोनले सांगाव नही."

अलका मागच्या दारात उभी होती. अंगावर शाल, म्हणजे बराच वेळ उभी असावी.

"सव्वापाचला," ती म्हणाली. "रोज नाही. आठवड्यातून चार-पाचदा. तुम्ही उठता, पाणी कोमट करता, दाणा टाकता, येऊन झोपता. मग साडेसहाला पुन्हा उठता."

"झोपेत?"

"झोपेत नाही. एकदा मी हाक मारली. तुम्ही ओ दिलीत. म्हणालात, काशिनाथ येईपर्यंत उरकतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं," ती म्हणाली. "दोनदा."

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली. ही वही पहिल्या पानापासून वाचली, दुसऱ्याने लिहिलेली असावी तशी, हातात लाल पेन घेऊन.

नऊ तारीख दोनदा आहे. दोन्हीकडे हस्ताक्षर माझंच. पहिल्या नोंदीत मी नकार दिला आहे, दुसरीत होकार, आणि दुसरी लिहिताना वरची नोंद त्याच पानावर, चार बोटांवर होती. मी ती पाहिली असणार. पाहिली कशी नसेन?

पीठ हा एक पुरावा झाला. मला दुसरा हवा होता. तो मीच लिहून ठेवला.

लाल पेन वापरलं नाही.

काशिनाथ असता तर बरं झालं असतं. हे मी गमतीने लिहीत नाही. गेल्या तीन आठवड्यांत मला रोज सकाळी वाटत होतं की बोळात कोणीतरी नुकतंच येऊन गेलं आहे, आणि त्याचा मला आधार वाटत होता. बावीस वर्षांची खोकल्याची, बादलीची, "उठलात का पत्रकारसाहेब" ची सवय. तो येत नव्हता. आता बोळ खरोखर रिकामा आहे.

नाशिकला आमचे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे; निवृत्तीच्या आधीच त्यांना घरी बसावं लागलं. पुढे सकाळी जेवणाच्या पाटावर बसून समोरच्या भिंतीला शब्दरूपं विचारायचे, आणि भिंत चुकली की रागवायचे. आम्ही भावंडं हसायचो. आई हसत नसे. तिच्याकडे मी तेव्हा नीट बघितलंच नाही.

१९ जानेवारी, रविवार

उषाबाई आल्या. कपाळ मोकळं, अंग अर्धं झालेलं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. तयारी करून ठेवली होती. पाच दिल्या होत्यात, चार आहेत, दोष माझा, कडी माझ्याकडून राहिली.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग अलकाकडे बघितलं. अलकाने मान हलवली.

"भाऊ, तुमी मले तवाच सांगं व्हतं," उषाबाई म्हणाल्या. "फोन करा ना तुमी. एकदाव नही, तीनदाव. तीन्हीदाव रडनात."

"मी?"

"मी म्हनं, भाऊ, मना माणूस गया, कोंबडीनं काय लई बसनात. तवय तुमी म्हने, तो रोज येस आठे, त्याले इचारी देखस." त्या डोळ्यांना पदर लावून जरा हसल्या. "मले बरं वाटनं ते. खोटं का असेना. तठे गावले कोनी त्यानं नाव घेत नही मनापुढे."

त्यांना मी तीनदा फोन केला आहे. फोनमध्ये नोंद आहे: ३० डिसेंबर, ३ जानेवारी, ८ जानेवारी. सर्वात मोठा चौदा मिनिटांचा. चौदा मिनिटं मी काय बोललो ते त्या दोघींना माहीत आहे, मला नाही.

संध्याकाळी उषाबाई चारही जणींना डालग्यात घालून आपल्याबरोबर घेऊन गेल्या. तस्करीने जाताना अलकाच्या पायाला चोच मारली. अलका म्हणाली, "जा बाई, सुखी राहा."

२२ जानेवारी, बुधवार

सव्वापाचला अलकाने मला बोळात पाहिलं. कोमट पाण्याची थाळी हातात होती, म्हणते. तिने थाळी घेतली, मला आत आणलं. मला यातलं आठवत नाही, ती सांगते म्हणून लिहितो. तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

मंदारला मी स्वतः फोन केला. म्हटलं, काही दिवस माझ्या बातम्या दुसऱ्या कोणाला दाखवून घे. त्याने विनोद केला नाही. "बरं, गुरुजी," इतकंच म्हणाला.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ सोमवारी अकराची आहे. अलकाने रजा टाकली. ही पहिली नाही, हे मला आज कळलं. डिसेंबरात तिने तीन दिवस अर्धी रजा घेतली होती, मी सचिनला, हजिऱ्याला म्हणून निघालो की स्कूटर नीट वळते का हे कोपऱ्यावरून बघायला. कोंबड्या आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा यावर मी इथे पानंच्या पानं लिहिली, आणि त्याच दिवसांत ती हे करत होती, आणि पोळ्या, आणि बँक.

आज चहा पिताना तिला विचारलं, "भीती वाटते का तुला?"

"सोमवारी बघू," ती म्हणाली. मग म्हणाली, "चहा घ्या. गार होतोय."

माझं विचाराल तर मला विसरण्याची तितकीशी भीती नाही. जे विसरलं जातं त्याचं दुःख मला होत नाही, हा एक महिना मी मजेत काढलेला या वहीतच दिसतो. काळजी वेगळी आहे, आणि ती सरळ लिहितो. अलकाच्या नोकरीची सहा वर्षं उरली आहेत. ती सकाळी आठ-चाळीसला निघते आणि संध्याकाळी साडेसहाला येते. मधल्या वेळात घरात मी एकटा असतो, आणि माझ्याकडे कोणी बघायचं, हे मला माहीत नाही.